कच्च्या नानकटाया

आमच्या घरात खुसखुशीत पदार्थांची परीक्षा कानाने होत असे. कडबोळी असो, शंकरपाळा असो की नानकटाई, आई त्यातला पहिला घेऊन बोटांनी मोडायची आणि ऐकायची. आवाज झाला तर पदार्थ जमला. नाही झाला, तर तो एक तर कच्चा राहिला होता किंवा सादळला होता, आणि दोन्हींवर तिच्याकडे एकच उपाय होता. पुन्हा विस्तव दाखवायचा.

ही हकिकत एकोणीसशे पस्तीसच्या आसपासची. नाशकात रविवार कारंज्यापासून थोड्या अंतरावर आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. घरात चार माणसे होती: वडील, आई, मी आणि माझी पत्नी. वडील मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. मी एका स्थानिक साप्ताहिकात उपसंपादक होतो. अंक छापून गेला की पुढचे एक-दोन दिवस काम हलके असे आणि मी दुपारीच घरी येई. त्यामुळे पुढचे बरेचसे मी स्वतः पाहिलेले आहे. जे पाहिले नाही ते पत्नीने त्याच दिवशी सांगितलेले आहे.

उन्हे कलली की घरापुढच्या ओट्यावर जाजम पडे आणि वडिलांचे दोन स्नेही येत. एक वकील, एक वैद्य. चहा होई, आणि चहाबरोबर चिवडा. नाशकात दुपारच्या चहाला चिवडा सोडून दुसरे काही देणे म्हणजे घरात कोणी आजारी आहे असे सांगणे होते. वैद्यांच्या दाढा फार पूर्वीच गेल्या होत्या. ते चिवड्यातले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वेचून बाजूला ठेवत आणि उरलेले पोहे बशीतल्या चहात भिजवून खात. ते पोह्यांना हात घालत तोच वडील विचारत, "वैद्यबुवा, अडकित्ता मागवू का?"

"मागवा. सोबत सुपारीही येऊ द्या," वैद्य म्हणत.

वकील दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत. ही थट्टा मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो होतो.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास वडिलांच्या हिरड्या सुजल्या. दातांच्या डॉक्टरांनी सगळेच दात काढावे लागतील असे सांगितले आणि टप्प्याटप्प्याने काढले. हिरड्या भरून आल्यावर मुंबईहून कवळी करून मागवायची, तोवर थांबायचे, असे ठरले. वडिलांनी वेदनेबद्दल तक्रार केली नाही. शेवटचा दात निघाला त्या दिवशी घरी येऊन त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवले आणि उपरण्याने तोंड झाकून सांगितले, "माझ्यासाठी वेगळं काही करायचं नाही. आणि हा विषय घरात काढायचा नाही. बाहेर तर नाहीच."

"अहो, पण ओट्यावर मंडळी येतील त्यांना काय सांगायचं?" आईने विचारले.

"अंगात कसर आहे, थोडा ताप आहे म्हणून सांगा."

घरात ते मऊ भात, वरण, खीर खात. आई भात थोडा जास्त शिजवी आणि तो तसाच झाला असे दाखवी. वेगळे काही करायचे नाही हा हुकूम असा पाळला जात होता. पण ओट्यावर ते गेले नाहीत. चिवडा खाता येत नव्हता. तो न खाता नुसता चहा घेतला असता तर वकिलांनी कारण विचारले असते, आणि चहात भिजवून खाल्ला असता तर वैद्यांनी अडकित्त्याचे विचारले असते. इतकी वर्षे जे आपण दुसऱ्याला विचारले ते आपल्याला विचारले जाईल, ही त्यांची अडचण होती. त्यांनी ती कोणाला सांगितली नाही, पण घरात सगळ्यांना कळत होती.

स्नेही येत राहिले. आई चहा आणि चिवडा बाहेर पाठवी. वडील माजघरात वर्तमानपत्र घेऊन बसत आणि बाहेरचे बोलणे ऐकत. वकील निघताना दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणत, "अहो, ही कसर आहे की अज्ञातवास?" आत वडील तेवढा वेळ वर्तमानपत्राचे पान उलटत नसत. हळूहळू ते दोघे एक दिवसाआड येऊ लागले, मग आठवड्यातून एकदा. दिवाळीनंतर जाजम गुंडाळून कोपऱ्यात उभे राहिले. वडिलांचा आवाज घरात कमी ऐकू येऊ लागला. ते दिवसातून दोनदा झोपू लागले. पूर्वी ते दिवसा कधी झोपत नसत.

माझी पत्नी देवळालीला वाढलेली. तिचे वडील तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते आणि शेजारी एक वयस्कर पारशी बाई एकट्या राहत. या बाई घरी बिस्किटे भाजत. जाड, फुगीर, दालचिनी आणि साखरेत घोळवलेली, आणि मऊ. पत्नीने लहानपणी ती त्यांच्या ओसरीवर बसून करताना पाहिली होती, आणि खाल्लीही होती. माहेरी ते कोणाला माहीत नव्हते.

"त्या बाईंच्या तोंडात एकही दात नव्हता," तिने मला सांगितले. "पण चहाला चार माणसं आली की त्यांच्यात बसून खायच्या. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"का?"

"सगळ्यांच्या बशीत तेच असायचं ना."

तिचा बेत एवढाच होता. वडिलांसाठी वेगळे काही करायचे नाही. सगळ्यांसाठी एकच असे काही करायचे की जे दात नसताना खाता येईल, चहात बुडवावे लागणार नाही, आणि आजाऱ्याचे खाणेही वाटणार नाही. मग ते ओट्यावर जातील. अडचण अशी होती की हे आईला सांगायचे तर दातांचा विषय काढावा लागणार, आणि त्याला घरात बंदी होती. सुनेने सासऱ्यांच्या तोंडाबद्दल बोलणे तर शक्यच नव्हते. म्हणून तिने आईला एवढेच सांगितले, की मी नानकटाया करते.

नानकटाईला आईची हरकत नव्हती. दालचिनीला होती.

"अगं, दालचिनी? गोडात? काढा करायचाय का?"

"वरून लावायची आहे, सासूबाई. साखरेत कुटून."

"वेलदोडा घाल की. घरात आहे."

"देवळालीला अशाच करतात."

"देवळालीचं काय सांगतेस! तिथे पलटण राहते. पलटण काहीही खाईल."

तरी आईने मसाल्याच्या डब्यातली दालचिनी काढून दिली. आमच्याकडे ती गोड्या मसाल्यासाठी आणि पडशासाठी आणलेली असे. पत्नीने तिची जाड साल बाजूला काढली आणि पातळ, गोडसर तेवढी खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ केली. पारशी बाई अंडे घालत. ते आमच्या घरात येणे शक्य नव्हते, म्हणून तिने घट्ट दही घ्यायचे ठरवले.

भाजायचे कुठे हाही प्रश्न होता. शेजारची काही घरे दिवाळीत नानकटाईचे पत्रे भरून भद्रकालीतल्या बेकरीवाल्याकडे पाठवत आणि तो आपल्या भट्टीत ते भाजून देई. आमच्या घरात तशी रीत नव्हती. आमच्याकडे जाड बुडाचे पितळी पातेले होते. त्यात तळाला वाळू, वाळूवर तिवई, तिवईवर थाळी, आणि झाकण म्हणून उलट्या काठाची परात. शेगडीवर पातेले ठेवायचे आणि परातीत निखारे भरायचे. खालून कमी, वरून जास्त. निखारा जरा फुलला की नानकटाई जळे आणि जरा राख धरली की बसे. त्यामुळे ती होईपर्यंत कोणीतरी समोरून हलायचे नाही असा नियम होता.

पहिला घाणा फसला. लोण्यात ताक राहिले होते. थाळीत वेगवेगळे ठेवलेले गोळे पसरले, एकमेकांना मिळाले आणि काठाला करपले. आईने उलथन्याने ते एकसंध उचलले.

"थालीपीठ छान झालंय," ती म्हणाली. ते चौघांनी रात्रीच्या जेवणात दुधाबरोबर संपवले. वडिलांच्या वाटीत काही उरले नव्हते.

दोन दिवसांनी पत्नीने पुन्हा मांडामांड केली. या वेळी लोणी गार पाण्यात तीनदा धुऊन, पिळून कोरडे केले. ते परातीत घेऊन साखरेबरोबर तळहाताने फेसले, पांढरे आणि हलके होईपर्यंत. मग दही, चिमूटभर सोडा, मैदा. लिंबाएवढे गोळे केले, दालचिनीच्या साखरेत घोळवले आणि न दाबता थाळीत लांब लांब ठेवले. मी माजघरात प्रुफे तपासत होतो, वडील पलीकडे आडवे झाले होते. थोड्या वेळाने वास आला. तुपात काही भाजल्याचा वास आमच्या ओळखीचा होता आणि दालचिनीचाही, पण दोन्ही एकत्र कधी आले नव्हते. वडील उठून बसले. "काय चाललंय?" त्यांनी विचारले. मी नानकटाया म्हणालो. ते पुन्हा आडवे झाले, पण डोळे मिटले नाहीत.

पत्नीने त्या वेळेवर काढल्या. वर बारीक भेगा पडल्या होत्या आणि मधोमध बोट दाबले तर खळगा पडून सावकाश वर येत होता. गार झाल्या की फडक्यात झाकून डब्यात भरायच्या होत्या. त्या ताटात पसरून ती मागच्या विहिरीवर पाणी आणायला गेली.

आई स्वयंपाकघरात आली. एक उचलली, मोडली आणि ऐकले. आवाज आला नाही. तिने दुसरी मोडून पाहिली. तीही नुसती सुटली, आत ओलसर आणि मऊ. विस्तव अजून शाबूत होता. सून कच्चीच काढून गेली, पाहुण्यांपुढे गेल्या असत्या तर शोभा झाली असती, हे तिच्या लक्षात आले आणि तिने त्या वाचवायच्या ठरवल्या. सगळ्या थाळीत परत लावल्या, परातीत नवे निखारे टाकले आणि समोर बसून राहिली. मोडून पाहिलेल्या दोन तेवढ्या लावल्या नाहीत. त्या तिने वाटीत घालून फडताळात ठेवल्या.

पत्नी घागर घेऊन परत आली तेव्हा आईने एक नानकटाई तिच्या कानाजवळ धरून मोडली. टक् असा आवाज झाला.

"ऐकलंस? कच्च्याच काढल्या होत्यास. बरं मी पाहिलं म्हणून."

"हो," पत्नी म्हणाली. दुसरे काय म्हणणार होती? त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "आता पुढच्या वेळी सासूबाई मला उठूनसुद्धा देणार नाहीत शेगडीपुढून. आणि काढूही देणार नाहीत." कडक झालेल्या नानकटाया डब्यात गेल्या. त्या उत्तम खुसखुशीत होत्या. मी त्या पुष्कळ दिवस कचेरीत नेऊन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने फडताळ उघडले. वाटी रिकामी होती. तळाला थोडी दालचिनीची साखर होती.

ती वाटी हातात घेऊनच माजघरात आली. वडील वर्तमानपत्र वाचत होते.

"या दोन कच्च्या राहिल्या होत्या, त्या कुठे गेल्या?"

"मांजरानं नेल्या असतील," वडील पानाआडून म्हणाले.

"मांजर दालचिनी खात नाही."

"मग उंदीर."

आईने त्यांच्याकडे नीट पाहिले. मिशीला साखरेचे कण होते. ती वाटी घेऊन आत गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज आला नाही.

पुढच्या दिवशी अंक निघाला होता आणि मी दुपारी घरी होतो. आई पत्नीला म्हणाली, "लोणी आहे ना? परवासारख्या कर."

"नानकटाया?"

"कच्च्या. मी हात लावणार नाही." मग म्हणाली, "मला आधी सांगायचं नाही का गं?"

"मामंजींनी विषय काढायचा नाही म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. म्हणून काय सगळ्यांनीच पाळायचं?"

आईने मला वकिलांकडे आणि वैद्यांकडे पाठवले. कसर उतरली, चहाला या, असा निरोप होता. मी परतलो तेव्हा ओट्यावर जाजम पसरलेले होते आणि फडक्याखाली ताट तयार होते. आईने ठरवल्याप्रमाणे शेगडीला हात लावला नव्हता. ती दाराशी, शेगडीकडे पाठ करून बसली होती. पाहिले असते तर राहवले नसते, असे तिने नंतर सांगितले.

स्नेही आले. बाहेरून वकिलांचा आवाज ऐकू आला, "कुठे आहेत पांडव?"

वडील उठले नाहीत. आई माजघराच्या दारात उभी राहिली.

"बाहेर या ना. मंडळी आलीत."

"कोणी बोलावलं त्यांना?"

"मी."

वडिलांनी तिच्याकडे पाहिले. "चिवडा आहे?"

"आज चिवडा नाही."

ते मग उठले, टोपी घातली, उपरणे खांद्यावर अशा बेताने घेतले की त्याचे टोक हनुवटीपर्यंत येईल, आणि ओट्यावर गेले.

मी चहा घेऊन गेलो, मग ताट. तीन बशांमध्ये दोन दोन नानकटाया, तिन्ही सारख्या. वकिलांनी आधी ताटाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि चिवडा मागून येत असेल म्हणून वाट पाहिली. तो आला नाही तेव्हा त्यांनी एक नानकटाई उचलून मोडली. आवाज झाला नाही. त्यांनी चावून पाहिली.

"काहीतरी घोटाळा झाला बुवा," ते सरळपणे म्हणाले. "या सादळल्यात."

वडिलांचा हात बशीकडे निघाला होता, तो थांबला.   वडील आता उठतील असे मला वाटले, आणि उपरणे सावरायला त्यांनी हात वर नेलाही.

"सादळलेल्या नाहीत." आवाज दाराआडून आला. पुरुषमंडळी बसलेली असताना आई ओट्यावर येत नसे, आणि आतून बोलतही नसे. वकील इतकी वर्षे घरी येत होते, पण त्यांनी तिचे बोलणे असे थेट ऐकले नव्हते. "अशाच करायच्या असतात. वाजली तर फसली."

वकिलांनी हातातला तुकडा पुन्हा पाहिला. "असं होय," ते म्हणाले आणि तो खाल्ला.

वैद्यांनी तोवर आपली पहिली संपवली होती. बशी नाकाजवळ नेऊन त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "दालचिनी. उत्तम. अग्नी प्रदीप्त होतो." मग दुसरी उचलली. चहाला त्यांनी हात लावला नव्हता. "या ओट्यावर इतकी वर्षं येतोय, माझ्या तोंडाचा विचार आज पहिल्यांदा झाला."

वडिलांनी आपली नानकटाई उचलली, अर्धी तोंडात घातली आणि खाल्ली. भिजवावी लागली नाही. गालांच्या हालचालीवरून मात्र जे झाकायचे होते ते दिसत होते, आणि वैद्य त्यांच्याकडेच पाहत होते. माणसांचे चेहरे पाहणे हा त्यांचा धंदा होता. कसर म्हणजे काय ते त्यांना बहुधा पहिल्याच दिवशी कळले असावे.

"रावसाहेब," ते म्हणाले. वडील रावसाहेब नव्हते, वैद्यांनी थट्टेने ठेवलेले ते नाव होते. "अडकित्ता मागवू का?"

 वकील चहाचा घोट तसाच धरून बसले.

वडिलांनी तोंडातला घास शांतपणे संपवला. मिशी पुसली. "मागवा," ते म्हणाले. "पण मला नको. वकिलांना द्या. त्यांना बत्तीस दात असून सादळलेलं कोणतं आणि मऊ कोणतं ते कळत नाही."

आणि ते तोंड उघडून हसले. उपरण्याचे टोक खाली पडले होते, ते त्यांनी उचलले नाही.

"म्हणजे सगळेच गेले?" वकिलांनी विचारले.

"सगळे."

"आणि ती कसर?"

"कसर कसली! हेच होतं."

"अहो मग सांगायचं! मी तुमच्यासाठी सप्तशृंगीला नारळ बोललोय."

"फोडा की. खोबरं वैद्यांना द्या."

त्या दिवशी ते दिवेलागणीपर्यंत बसले होते. बोलणे कशावर झाले ते मला आठवत नाही. बहुधा नेहमीच्याच गोष्टींवर, द्राक्षांच्या बागा आणि नगरपालिका. आई आत येऊन म्हणाली, "ताट बाहेर पाठव. उरलेल्याही." पत्नीने उरलेल्याही पाठवल्या.

हिवाळा संपताना मुंबईहून कवळी आली. वडील ती लावून ओट्यावर बसू लागले आणि चिवडाही परत आला. सुरुवातीला बोलताना शीळ वाजे. वकिलांना त्यावर पुष्कळ बोलता आले आणि वडिलांनी बोलू दिले. पण आठवड्यातून एकदा चिवडा नसे. त्या दिवशी घरात दालचिनीचा वास येई आणि वडील कवळी काढून पाण्याच्या भांड्यात ठेवून बाहेर जात. गरज नव्हती. ती लावूनही नानकटाया खाता आल्या असत्या.

या पदार्थाला घरात कधी धड नाव पडले नाही. पत्नी बिस्किटे म्हणे. आईला हा शब्द बेकरीचा वाटे, म्हणून ती शेवटपर्यंत कच्च्याच म्हणत राहिली. वकिलांच्या घरी कृती मागवून घेतली गेली. त्यांच्याकडच्या कडक झाल्या, आणि कडक झाल्या म्हणून छान झाल्या असे त्यांच्या घरच्यांनी कळवले. आईने निरोप ऐकून घेतला. पुढच्या वेळी तिने स्वतः शेगडीपुढे बसून पहिला घाणा काढला. त्यातली एक उचलली, सवयीने कानाशी नेली, मग खाली घेऊन बोटाने मधोमध दाबून पाहिली.